तिकडच्या शंभराचे इकडे किती

"आपलं चलन पुन्हा वधारलं!" पेपरातून डोकं वर न काढता बाबांनी जाहीर केलं, आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

ही बातमी ते अशा थाटात वाचतात, जणू चलन वर ढकलायला त्यांनीही खांदा दिला होता. सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानदारांचे तराजू तपासायचे, आतून पोखरलेली वजनं जप्त करायची, लबाडी दिसली की तिथल्या तिथे खडसावायचं. त्यामुळे जगात जे जे भक्कम, त्याचा त्यांना अभिमान. आपला पैसा भक्कम म्हणजे आपण भक्कम, एवढं साधं त्यांचं गणित.

"आणि आपल्या बारकीचं हो?" आईने विचारलं.

"तिचंही वरच! तिकडचा बाजार आठवडाभर चढतोय. इकडे पैसा वर, तिकडे बाजार वर. आणखी काय पाहिजे?"

आई हसली. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले. तिथे थांबले असते तर काहीतरी बोलून गेले असते, आणि सकाळच्या वेळी माझ्या तोंडाला लागू नये हे आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा तिथे पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आहे, एक मुलगी आहे, आणि ती मुलगी फोनवर आजीला "बरी आहेस ना?" एवढं एकच वाक्य न अडखळता म्हणते. आईने तिला एकदाच पाहिलंय, तेही तिला दात नसताना.

बारकीला परत यायचं होतं. हे तिनेच दोन वर्षांपूर्वी काढलं होतं, आम्ही नाही. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकू आपल्या दोन खोल्या विकून मुलाकडे राहायला जाणार होत्या. मागच्या बाजूला त्यांची नि आमची भिंत एक. ती भिंत फोडून मध्ये दार काढायचं, अर्धे पैसे मी घालायचे, अर्धे बारकीने, आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं, असं ठरलं. दार कुठे काढायचं यावरून आई-बाबांचं एक भांडणही होऊन गेलं होतं, म्हणजे बेत किती पक्का होता बघा.

पैसे दोघींकडेही पुरेसे नव्हते. बारकीने तिची शिल्लक तिकडच्या शेअर बाजारात घातली. माझी शिल्लक आधीपासून माझ्याच कंपनीच्या शेअरमध्ये होती, तीत मी दर महिन्याला भर घालत राहिले. आम्हा सगळ्यांना या बेताचं फार कौतुक. एक देश बसला तर दुसरा उठेल. दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, पण आम्ही ऐटीत ठेवले होते. दोन्ही डगरी एकाच नदीच्या आहेत आणि पूर आला की दोन्ही एकदमच खचतात, हे घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाहेरच्या कोणी सांगितलंही नाही, कारण शहाणपण करून आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं.

काकूंनी या महिनाअखेरपर्यंत थांबायचा शब्द दिला होता. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

*

माझी कंपनी सायकलच्या सीटा बनवते. खाली शिलाईचा हॉल, त्यामागे फोम कापायची खोली, आणि वर, जिथे रेक्झिनचा आणि डिंकाचा वास सगळ्यात आधी पोचतो, तिथे आमचा निर्यात विभाग. बनवलेला जवळजवळ सगळा माल बाहेरच्या देशांत जातो. माझं काम कोटेशन देण्याचं. बाहेरचं गिऱ्हाईक भाव विचारतं, मी तो त्याच्या चलनात लिहून देते. एकदा लिहून दिला की महिनाभर त्यातून हलायचं नाही, ही आमच्या धंद्याची रीत. रीत मोडली की गिऱ्हाईक मोडतं.

आता यात मेख अशी. तोच भाव, तेच गिऱ्हाईक, पण आपला पैसा मजबूत झाला की त्याने दिलेल्या पैशाचे आपल्याकडे कमी होतात. शिलाईवाल्या बायकांचे पगार, फोम, वीज मात्र आपल्याच पैशात द्यायची असते. भाव वाढवावा तर गिऱ्हाईक पळतं, न वाढवावा तर प्रत्येक सीट घरचं खाऊन जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

आमचे साहेब पूर्वी सकाळी आल्यावर सगळ्यांची विचारपूस करायचे. त्या महिन्यात ते दारातूनच विचारू लागले, "दर काय?" मी आकडा सांगायची. मग ते बसायचे आणि कॅलक्युलेटर पुढे ओढायचे.

"पण साहेब," मी एकदा म्हटलं, "टीव्हीवर तर सांगतायत आपला बाजार जोरात आहे. बाहेरचे लोक पैसा आणून ओततायत म्हणे."

"म्हणून तर आपला पैसा चढतोय. बँका वर, परदेशातून माल आणून विकणारे वर. आपण माल पाठवणारे." त्यांनी खिडकीतून खाली सामान चढवायच्या लिफ्टकडे बोट केलं. "लिफ्ट वर जाते तेव्हा तिच्या मागचं वजन खाली येतं, बघितलंय ना? ते वजन आपण."

आमचा शेअर त्या आठवड्यात रोज थोडा थोडा उतरत होता. मी दर अर्ध्या तासाने फोन बघायची, आणि बघून झालं की फोन उलटा ठेवायची. उलटा ठेवल्याने शेअर चढत नाही हे मलाही कळत होतं.

*

रविवारी बारकीचा फोन यायचा. जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून आम्ही तिघं त्याच्यासमोर बसायचो, फोटोला बसल्यासारखे.

"ताई! शंभराचे एकशे अठरा झाले!" बारकीचा चेहरा फुलला होता. "आणि आमच्या ह्यांच्या कारखान्यात जादा पाळ्या चालू आहेत. बाहेरून एवढ्या ऑर्डरी येतायत की हे रविवारीसुद्धा घरी नसतात."

"एकशे अठरा!" आईने टाळीच वाजवली. "म्हणजे झालंच की गं!"

"थोडं थांबते आई. रोज वाढतंय. महिनाअखेरला विकते, म्हणजे एकदम मोकळं."

बाबा म्हणाले, "शाब्बास. घाई करू नकोस."

मी मनातल्या मनात हिशेब करत होते, तिची मूळ शिल्लक शंभर धरून. आम्ही बेत केला तेव्हा तिकडच्या शंभराचे आपले ऐंशी व्हायचे. बारकीच्या वाट्याला आपले नव्वद हवे होते, म्हणून तर ती बाजारात गेली. जुन्या दराने तिच्या एकशे अठराचे चौऱ्याण्णव झाले असते. घर घेऊन वर पडदेही शिवून झाले असते. पण दर आता ऐंशी राहिला नव्हता, चौसष्ट झाला होता. एकशे अठराचे झाले पंच्याहत्तर. म्हणजे बाजार चढण्याआधी होते त्याहूनही कमी. आणि हे टेबल टाळ्या वाजवत होतं!

"ताई, तू गप्प का?" बारकीने विचारलं.

"डोकं दुखतंय," मी म्हटलं, आणि त्या दिवशी ते खरंच होतं.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नमुन्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं. चारही भिंतींवर सीटा टांगलेल्या. तिथून मी बारकीला फोन केला.

"विक," मी म्हटलं. "आज विक आणि पैसे पाठव."

"का? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. तुझे पैसे आजारी आहेत."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मला लहानपणापासून असं वाटत आलंय की बारकी माझ्या रागाला घाबरत नाही, हसते, आणि त्याने माझा राग आणखी वाढतो.

"रोज वाढणारी वस्तू कोणी विकतं का ताई?"

"वाढत नाहीये ती! तुमचा पैसा पडतोय. पैसा पडला की तुमचा माल बाहेरच्यांना स्वस्त मिळतो. खप वाढतो, म्हणून कंपन्यांचे शेअर चढतात, म्हणून तुझ्या नवऱ्याला रविवारी कामावर जावं लागतं. पण शेअर विकून जे हातात येणार, ते त्याच पडलेल्या पैशात ना?"

"मला इथे कुठे पडलेला दिसतोय? घरभाडं तेवढंच आहे, भाजी तेवढीच आहे."

"भाजी तिथली. घर इथलं. तिथल्या तिथे ते एकशे अठराच आहेत, मी कुठे नाही म्हणते? इकडे आणायला निघालीस की पंच्याहत्तर होतात. आणि उद्या आणखी कमी होतील. आत्ता विकलंस तर बाबांची ठेव मोडून, माझे शेअर फुंकून, ओढूनताणून जमतंय. आणखी थांबलीस तर नाही जमणार."

बारकी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "खरं बोलू का ताई?"

"बोल की."

"मी काही म्हटलं की तुझ्याकडे अडचण तयार असते. मुलीच्या शाळेचं विचारलं तर अडचण. ह्यांना तिकडे नोकरी मिळेल का विचारलं तर तू म्हणालीस, बघू. आणि आता आमचे वाढलेले पैसेही तुला कमी दिसतात. तुला आम्ही यायला नकोच आहोत. सगळं घर तुझ्या ताब्यात आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या ताब्यात काय आहे? आईच्या गोळ्या आणि बाबांचा पेपर! ये, घेऊन जा दोन्ही!"

तिने फोन ठेवला. मी त्या टांगलेल्या सीटांमध्ये उभी राहिले आणि मला भीती वाटली. आजवर दराची भीती होती. आता बारकीची वाटायला लागली. दराशी निदान भांडण तरी होत नाही.

*

बाबांना सांगणं भाग होतं, कारण ठेव त्यांची मोडायची होती. संध्याकाळी ते गॅलरीत बसले होते, तिथे मी खुर्ची ओढली.

"बाबा, आपला पैसा वर गेला ना, की बारकी लांब जाते."

त्यांनी आधी वाद घातला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मजबूत असणं वाईट कसं असेल, त्यांचा पैसा पडला ही त्यांची चूक, आपण का रडायचं, वगैरे. मी चौसष्ट आणि ऐंशीचा हिशेब दोनदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"म्हणजे तिकडे माल वाढलेला नाही. मोजायचं माप छोटं झालंय. म्हणून आकडा मोठा येतो."

"अगदी तसंच."

"आणि आपलं माप मोठं झालं. म्हणून तुमच्या सीटा त्यांना महाग."

"हो."

"मग खरं माप कुठलं?"

"तसं काही नसतं बाबा. रोज बदलतं."

"असं कसं नसतं?" बाबा दुखावल्यासारखे झाले. "आमच्याकडे एक मूळ वजन असतं. कपाटात, कुलपात. बाकीची सगळी त्याच्याशी ताडून बघायची. यांचं कपाट कुठे आहे?"

"यांचं कपाटच नाही."

एवढी वर्षं एका ग्रॅमसाठी लोकांशी भांडलेला माणूस, आणि ज्यावर सगळं घर अवलंबून आहे त्याला मूळ मापच नाही, हे काही त्यांना पचेना. मग म्हणाले, "ठेव मोड. पण तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. तिला फक्त बाजार चढलेला कळतो, तेवढाच राहू दे."

त्यानंतर ते पेपर मोठ्याने वाचेनासे झाले. मी कामावरून आले की दारातच, आई ऐकत नाही ना हे बघून, हळू आवाजात विचारायचे, "आज पडला का गं?" चोरीचा माल विकत घ्यावा तसा चेहरा करून. स्वतःच्या देशाचा पैसा पडावा म्हणून माझे बाबा देव पाण्यात घालून बसले होते. हसू यायचं, आणि लगेच रडूही यायचं.

पैसा काही पडत नव्हता. चौसष्टचे त्रेसष्ट झाले. मग बासष्ट.

*

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा काकूंकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं. नवरा-बायको होते. बायकोने खिडक्यांची मापं घेतली. मी जिन्यात होते, उघड्या दारातून सगळं दिसत होतं. ज्या भिंतीत आम्ही दार काढणार होतो त्या भिंतीपाशी उभं राहून ती नवऱ्याला म्हणाली, "इथे कपाट बसेल."

काकू माझ्यामागोमाग जिन्यात आल्या. "अगं, मी माझ्या शब्दावर आहे. पण मुलगा ऐकत नाही बघ. शेवटच्या तारखेच्या पुढे एक दिवस नाही हं."

"नाही काकू. होतंय सगळं," मी म्हटलं.

कारखान्यात त्याच दिवशी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. भाव परवडत नाही, या वर्षीची ऑर्डर दुसऱ्या देशाला दिली. कोणत्या, तेही त्याने सरळपणे लिहिलं होतं. बारकी राहते त्याच देशाला. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "संध्याकाळची पाळी बंद करावी लागणार." खाली शिलाईच्या हॉलमधून यंत्रांचा आवाज येत होता. त्या बायकांना अजून काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मला जिना उतरून त्यांच्यामधून घरी जायचं होतं.

बातमी फुटली तसा शेअर आणखी आपटला. मी होते नव्हते ते सगळे शेअर विकून टाकले. जे आले त्यात बाबांची ठेव घातली. बँकेत कर्जाचं विचारलं, तर तिथल्या बाईंनी कंपनीचं नाव ऐकून मोठ्या आदबीने विचारलं, "पगार चालू राहील ना तुमचा?" मी म्हटलं, धन्यवाद.

आता सगळं बारकीवर येऊन थांबलं होतं. दर बासष्टवर राहिला आणि तिने विकलं, तर काठावर जमत होतं. तिने त्या भांडणानंतर मला फोन केला नव्हता, रविवारी ती फक्त आईशी बोलायची. मी दोनदा निरोप पाठवला. दोन्हीत एकच शब्द होता, "विक." तिने वाचल्याचं दिसत होतं.

आणि मग अचानक आपला पैसा पडला. का पडला, हे टीव्हीवरच्या चार तज्ज्ञांनी चार तऱ्हेने सांगितलं. आम्हाला कारणाशी कर्तव्य नव्हतं. बासष्टचे पासष्ट झाले. मी बाबांना कामावरूनच कळवलं. घरी आले तर बाबा दारात उभे.

"पडला ना?" ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "चांगला तीनने पडला!"

"तिकडचा बाजार थोडा उतरेल त्याने, पण आपलं भागतंय बाबा. आज विकलं तर आरामात भागतंय."

"काय पडलं?" आतून आईने विचारलं.

"काही नाही. रिमोट," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आईने बारकीच्या मुलीसाठी आणलेल्या चादरी कपाटातून काढून बघितल्या. मीही बघितल्या. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

*

शनिवारी सकाळी फोन वाजला. रविवार नव्हता, तरी बारकीच होती. आईने फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर दोघंही होते, बारकी आणि तिचा नवरा, आणि दोघांनी कपडे जरा नीट घातले होते.

"ताई, विकलं," बारकी म्हणाली. "काल सगळं विकलं. एकशे वीसच्या भावाने."

बाबांनी माझा हात धरला. मी खरं सांगते, त्या क्षणी मी बारकीला सगळं माफ केलं.

"पाठव मग," मी म्हटलं. "सोमवारी काकूंकडे कागद करू. आज दर पासष्ट आहे, एकदम..."

"ताई, ऐक ना."

तिच्या नवऱ्याने खाली बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"तू सांगितलंस ना त्या दिवशी," बारकी म्हणाली, "त्यावर मी खूप विचार केला. आधी राग आला तुझा. मग ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, ताई बरोबर बोलतायत. ह्या पैशाला इथे किंमत आहे, तिकडे नेला की राहत नाही. मग तो तिकडे नेतोच कशाला आपण? ह्यांना कारखान्याने वरची जागा देऊ केलीय. काम एवढं आहे की माणसं पुरत नाहीत. आणि तिकडे तुझ्याच कंपनीत पाळ्या बंद होतायत अशी बातमी वाचली, ह्यांना तिकडे कोण उभं करणार? आम्ही इथेच घर बघितलंय. एकशे वीसमध्ये पहिला हप्ता बसतो. काल आगाऊ रक्कम भरली."

बाबांनी माझा हात सोडला.

"तूच डोळे उघडलेस ताई," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच माझे आभार मानायचे होते, आणि ती रडत होती.

मी तोंड उघडलं. दर बदलेल, पुन्हा ऐंशी होईल, दोन वर्षांत सगळं उलटं फिरेल, असं काय काय माझ्या ओठांवर आलं. ते सगळं खरं होतं आणि कशाच्याही उपयोगाचं नव्हतं.

आई पुढे सरकली. "घर केवढं आहे गं?" तिने विचारलं.

बारकी नाक पुसत सांगू लागली. स्वयंपाकघर कसं आहे, मुलीची खोली कुठे, खिडकीतून काय दिसतं. आई सगळं नीट ऐकत होती, मध्येच विचारत होती, ऊन कुठल्या बाजूने येतं, शेजार कसा आहे. मुलीला बोलावलं. मुलीने आजीला "बरी आहेस ना?" विचारलं, आणि आई म्हणाली, बरी आहे हो राणी. फोन ठेवेपर्यंत आईचा आवाज जराही हलला नाही.

मग ती माझ्याकडे वळली.

"महिनाभर तुमचं दोघींचं चाललं होतं. मला कळत नाही असं समजू नका, भिंती पातळ आहेत आपल्या, आणि बारकीही सांगते मला. विक, पाठव, थांब, दर, हिशेब. त्यात 'ये गं' असं एकदा तरी म्हणालीस का तिला?"

"आई, ते धरूनच चाललो होतो ना आपण."

"तू धरलंस. तिला काय माहीत?"

मला आठवेना. दोन वर्षांच्या फोनांत, निरोपांत कुठेतरी मी तो शब्द म्हटला असेल असं मला वाटत होतं, आणि मी शोधत राहिले. रागाच्या भरात म्हटलेला एक सापडला, "ये, घेऊन जा दोन्ही." बाकी काही नाही. मला तिची आठवण येते, तू ये, आपण दोघी संध्याकाळी गॅलरीत बसू, भांडू, मला या दोघांचं एकटीने होत नाही आता, हे मी माझ्या बहिणीला सांगितलं नाही. मी तिला दर सांगितला.

"काकूंना निरोप द्यायला हवा," मी म्हटलं. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "माणसं ताटकळलीत त्यांची."

"मी सांगतो," बाबा म्हणाले. त्यांनी शर्ट बदलला. आरशात बघून केसांवरून हात फिरवला आणि समोर गेले.

आई खोलीत जाऊन पडली. मी टेबलाशीच बसून राहिले. भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काकूंचं "या, या" ऐकू आलं. मग बाबांचा आवाज, खणखणीत, शेजारच्या बिऱ्हाडालाही ऐकू जावा असा.

"आमची बारकी तिकडे स्वतःचं घर घेतेय, काकू! नवऱ्याला बढती मिळाली. मोठं घर आहे, ऊन येतं. तेव्हा तुम्ही आता मोकळ्या. आमच्यामुळे अडकून राहू नका."

काकू काहीतरी म्हणाल्या, अभिनंदनाचंच असावं. बाबांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. पहिले दोन शब्द नीट ऐकू आले, तिसरा आला नाही. मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने काकूंचाच आवाज आला, हळू, "बसा हो, पाणी आणते."

मी उठले आणि बाबांना आणायला समोर गेले.